नायलॉनचे दोन तुकडे

“लोखंड कुजलंय, तांबं नाय,” जयवंत म्हणाला आणि त्याने पाइपावर पान्याचा हलकासा ठोका दिला. लोखंडाचा पोपडा सुटून गच्चीवर पडला.

“म्हणजे तुझंच काम ना ते?” सेक्रेटरी विद्याधर टिपणीस हाताची घडी घालून उभे होते. खाली त्यांच्याच बेडरूमचं छत ओलीने फुगलं होतं, नाहीतर जयवंतला माणिकपूरच्या या सोसायटीत परत बोलावण्याची बुद्धी त्यांना कुठून व्हायची?

चार वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली, सोसायटीने गच्चीवर सौर बंब बसवला. बंबाच्या नळ्या तांब्याच्या, इमारतीचे पाइप लोखंडी आणि पाणी बोअरचं, मचूळ. अशा पाण्यात तांबं नि लोखंड एकमेकांना टेकली की लोखंडाचा जीव जातो, हे जयवंतला कुठल्या कॉलेजाने नव्हे, हाताने शिकवलं होतं. म्हणून बंबाच्या दोन्ही सांध्यांत त्याने रबरी वायसर लावून नायलॉनचा एकेक पांढरा तुकडा घातला. भांडणाऱ्या जावांच्या मध्ये सासूने बसावं तसा.

टिपणीस बँकेत नोकरीला. त्यांना दिसलं एवढंच, की धातूच्या लाइनीत प्लास्टिक आहे. मीटिंगमध्ये म्हणाले, प्लंबरने प्लास्टिक घालून पितळी जोडाचे पैसे खाल्ले. जयवंतला कोणी विचारलं नाही. शिकलेली माणसं चोराला तोंडावर चोर म्हणत नाहीत, नोटीस लावतात. तशी नोटीस लागली, जयवंतचं नाव घालून. दुसऱ्या प्लंबरने नायलॉन काढून तांब्याला लोखंड घट्ट आवळून दिलं आणि सगळ्यांना ते मजबूत वाटलं. जयवंतची बायको यमुना याच इमारतीत तीन घरची भांडी घासायची. तिन्ही घरांनी महिना संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

तेही जयवंतने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते यमुनेचं विचारणं. भाकरी थापताना मान वर न करता ती म्हणाली होती, “खरं सांग, तू कायपन मारलं नाय ना?” त्याने शपथ घेतली. तिने मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे तो तेव्हापासून रोज जेवायला बसताना पाहत होता.

“माझे तुकडे कुठं हायत, साहेब?”

टिपणीसांनी टाकीकडे बोट केलं. टिपणीसवहिनींची तुळशीची कुंडी डगमगू नये म्हणून दोन्ही तुकडे तिच्याखाली सरकवले होते. जयवंतने ते धुऊन पाहिले. एक चरा नव्हता. त्याने लोखंडाचा सडलेला भाग कापला, नवा जोडला, नवे वायसर लावले आणि तेच तुकडे जागच्या जागी बसवले.

“परत प्लास्टिक?”

“तुमी काढलेलं तेच. हितं ते नव्हतं, म्हनून तांब्यानं लोखंड खाल्लं.” त्याने कापलेला तुकडा पुढे धरला. तांब्याला टेकलेलं टोक चाळणी झालं होतं, दुसरं धड होतं. टिपणीसांना समजलं. त्यांचे कान लाल झाले.

“एकदा मीटिंगमधी सांगा साहेब. माझं नाव घेऊन.”

“अरे, जुनं कशाला उकरायचं? आता काम तुलाच दिलं की नाही?”

सडलेला तुकडा जयवंतने पेपरात गुंडाळून पिशवीत टाकला. त्या इमारतीतून नेण्यासारखं त्याच्यासाठी तेवढंच होतं.

घरी यमुना फरशी पुसत होती. त्याने तिच्यापुढे पेपर उलगडला.

“बघ. माझं काढलं, म्हनून हे असं झालं. मी बरोबर होतो.”

तिने तुकडा उलटासुलटा करून पाहिला. जयवंत दारातच उभा राहिला, चप्पल काढायचीही त्याला आठवण झाली नाही. चार वर्षं तो याच घडीची वाट पाहत होता.

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली. “तवा तू पलास्टिक घातलंच नसतं, तर माझी तीन घरं गेली नसती.”

तुकड्यातला गंज पुसलेल्या फरशीवर सांडला होता. तिने फडकं पिळलं आणि तेवढी जागा परत पुसून घेतली.