दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र

उरलेली पाच पानं सोमवारी आली. न्यायाधीशांनी संपूर्ण निकाल मागितला होता. चार महिन्यांपूर्वी मी त्यातलं फक्त शेवटचं, आदेशाचं पान रशियनमधून इंग्रजीत केलं होतं. तेव्हा माझी मुलगी निवी तीन महिन्यांची होती. ती झोपली की मी कामाला बसायची, आणि फार वेळ शांत राहिली की उठून तिची छाती हलतेय ना ते बघून यायची. आता ती सात महिन्यांची आहे. मी अजूनही बघून येते.

निकालातले नवराबायको, विराज आणि भार्गवी, मूळ नागपूरचे, नोकरीसाठी रशियात होते. मुलगी तिथेच झाली. ती पाच महिन्यांची असताना तिथल्या न्यायालयाने तिला वडिलांकडे सोपवलं. आता सगळे बेंगळुरूत आहेत, मुलगी तीन वर्षांची आहे, आणि तिला निदान भेटता यावं म्हणून भार्गवीने इथल्या कुटुंब न्यायालयात अर्ज केलाय. भाषांतर विराजच्या वकिलांनी आमच्या एजन्सीकडून करून घेतलं होतं.

नव्या पानांपैकी दुसऱ्यावर शेजारणीची साक्ष होती. बाळंतपणानंतर आई झोपत नाही, दिवसभर पाळण्याशी उभी राहून बाळाचे श्वास मोजते, कुणाला हात लावू देत नाही. त्याखाली डॉक्टरांचा अहवाल. मग न्यायालयाचं वाक्य : यात आईचा दोष नाही.

ते मी तीनदा वाचलं. दोष नाही, तर तिचे हक्क संपुष्टात कसे आणले?

आदेशाचं मूळ पान उघडलं. तिथे शब्द होता 'अग्रानिचेनिये', म्हणजे पालकाचे हक्क मर्यादित करणं. आजारासारखं हाताबाहेरचं कारण असेल तर मूल दूर ठेवतात. कारण दूर झालं की आई न्यायालयात जाऊन हक्क परत मागू शकते. मारहाण करणाऱ्या, मूल टाकून देणाऱ्या पालकांसाठी वेगळा शब्द आहे, 'लिशेनिये', हक्क काढून घेणं. माझ्या इंग्रजी पानावर होतं टर्मिनेशन, म्हणजे हक्क कायमचे संपवणं. खाली माझी सही आणि एजन्सीचा शिक्का.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दांची यादी असते. यादीतल्या शब्दाचं इंग्रजी हिरव्या रंगात आपोआप बसतं, आणि हिरवं कुणी पुन्हा वाचत नाही, एंटर दाबून पुढे जातं. यादी मीच केलेली, लग्नाआधी. दत्तकाच्या कागदांचं काम होतं आणि ग्राहकाला सगळीकडे एकच शब्द हवा होता, म्हणून दोन्हींसमोर मी टर्मिनेशन टाकलं. नंतर बदलायचं राहून गेलं.

प्रणीतला फोन केला. एजन्सी त्याची, पुण्यात आम्ही एकाच वर्गात रशियन शिकलो.

"आसावरी, चिल. उरलेल्या पानांत पण तेच ठेव ना. कन्सिस्टन्सी."

"चुकीची?"

"अगं, तुझ्या शब्दाने त्यांची केस स्ट्राँग होतेय. ते कशाला तक्रार करतील?"

"सही माझी आहे, प्रणीत."

"आणि शिक्का माझा. चूक लेखी कबूल केलीस तर पुढची कोर्टाची कामं मी तुला कुठल्या तोंडाने देऊ? आणि घरी बसून, बाळ सांभाळून करता येईल असं दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

दुसरं काही नव्हतं. मी यादीत दोन्ही शब्द वेगळे केले. मग दोन्हींच्या व्याख्या, त्यांची कलमं आणि चूक माझी आहे एवढं अर्ध्या पानात लिहून वकिलांना पाठवलं, प्रत प्रणीतला. बुधवारी त्याचा मेसेज आला : कोर्टाच्या कामांतून तुझं नाव काढलंय, सध्यापुरतं.

विराजचे वकील दामोदरराव बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचा फोन मी कागद पाठवल्यावर तासाभरातच आला होता.

"बाई, स्वल्प सावकाश सांगा. म्हणजे तिचा हक्क संपलेला नाही?"

"नाही. थांबवलेला आहे."

"आणि मी चार महिने संपला, संपला म्हणून ओरडतोय."

"हो."

"सरी, ठीक आहे. छान केलंत." मग म्हणाले, "तिच्या वकिलाने उद्या दुसरा भाषांतरकार उभा केला तर नाक माझं कापलं जाणार. त्यापेक्षा दुरुस्ती आपणच देऊ. प्रतिज्ञापत्र करा. पण गुरुवारी यायचं आणि तोंडाने सांगायचं. तुमची चूक मी सांगणार नाही."

गुरुवारी निवीला खालच्या मजल्यावर घरमालकीण अहल्याक्कांकडे ठेवलं. दूध, कपडे आणि तेरा सूचनांचा कागद दिला.

"तीन पोरं वाढवली की गं मी," त्या म्हणाल्या. "असला कागद एकाबरोबर पण आला नव्हता."

येलहंक्याच्या घरून कोर्टात पोचेपर्यंत मी त्यांना दोनदा फोन केला.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, हा फरक तिथल्या कायद्यात आहे की तुमचं मत आहे? कायद्यात आहे, मी म्हणाले, आणि कलमांचं भाषांतर दिलं. मग ही चूक का झाली? मी यादीबद्दल सांगितलं, हिरव्या रंगाबद्दलही. त्या लिहीत राहिल्या. विराज माझ्याकडे बघत होता, मी समोरच्या भिंतीकडे. शेवटी आदेश आला : पुढच्या तारखेपर्यंत दर शनिवारी दोन तास आईची भेट, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत.

बाहेर पडले तर भार्गवी जिन्यापाशी थांबलेली.

"ते पान तुम्हीच केलेलं ना?"

"हो. माफ करा."

"मला रशियन येतं," ती म्हणाली. "मूळ निकाल मी कितीदा वाचला होता. माझ्या वकिलांनाही सांगितलं, असं नाहीये ते. ते म्हणाले, तुमच्या म्हणण्याला पुरावा काय? मग मलाच वाटायला लागलं, डोकं बिघडलेलं असताना वाचलंय, चुकीचं वाचलं असेल. इंग्रजीवर शिक्का होता ना."

मी निघते म्हणाले, मुलगी सात महिन्यांची आहे, सकाळपासून दुसऱ्यांकडे आहे.

"तीन वर्षांची मुलं काय खातात हो?" तिने विचारलं. "शनिवारी काय आणू?"

"खरंच माहीत नाही. माझी अजून पेज खाते."

"माझी नेली तेव्हा पेजही खात नव्हती," भार्गवी म्हणाली. तिने फाइल उघडली आणि वेळ पुन्हा एकदा वाचली. शनिवार, अकरा ते एक.