साबणाची डबी आणि पाहुण्याचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी साबणाची डबी आहे. पत्र्याची, वर पांढरा मुलामा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. सध्या इस्पितळातल्या एका वॉर्डाच्या फडताळात पडून आहे आणि माझ्यात रबरबँड भरलेत. चालायचंच. आताशा मला कशाचं फारसं काही वाटत नाही.

कारखान्यातून मी थेट या वॉर्डात आले. इथल्या मावशींनी मला वर्षानुवर्षं वापरलं. त्यांची एक सवय होती. रोग्याला हात लावण्याआधी त्या वस्तू त्याच्यासमोर धरत आणि तिचं नाव सांगत. "हे पाणी. हा साबण. आता पुसते हं." शुद्ध नसलेल्यालाही सांगत. नर्सबाई चिडवायच्या, "मावशी, तुमच्या तोंडाला सुट्टी नसते का?" मावशी म्हणायच्या, "न सांगता हात लावायला तो काय लाकडाचा ओंडका आहे?"

एकदा एक परदेशी खलाशी आला. पाय चिरडलेला, भाषा कोणालाच न कळणारी. सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. तो कोणालाही जखमेजवळ येऊ देईना. डॉक्टर म्हणाले, "जखम रोज धुतली नाही, तर पाय काढावा लागेल." तेव्हा मावशींनी मला उघडून त्याच्यासमोर धरलं. "हा साबण."

पाहुण्याने वाकून पाहिलं. "साबून," तो म्हणाला, आणि त्याने पाय स्वतःहून पुढे केला.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांना बोलायला निमित्तच हवं होतं. "मावशी, हा शब्द काही आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही. अरबीत साबून, पोर्तुगीजांचा साबांव, फ्रेंच माणूस साव्हों म्हणतो. जुन्या लॅटिनमध्ये सापो. रोमन लोकांनी तो उत्तरेकडच्या टोळ्यांकडून उचलला म्हणतात. आणि तेव्हा सापो म्हणजे अंगाचा साबण नव्हे बरं, चरबी आणि राखेचा, केस तांबडे करायचा लेप."

"मग तुम्हाला काही उपयोग नाही," मावशी त्यांच्या टकलाकडे बघत म्हणाल्या.

रोज मावशी साबण म्हणत, पाहुणा साबून म्हणे, मग जखम धुतली जाई. हळूहळू ती भरत आली.

पुढे मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. वॉर्डात दाबायच्या बाटलीतला पातळ साबण आला आणि मी फडताळात गेले. बदलीवरच्या ताई कामाला चोख, पण मूग गिळून बसलेल्या. त्या न बोलता पायाला हात घालत. पाहुणा पाय आखडून घेई आणि विचारी, "साबून?" ताईंना वाटे, याला साबण हवाय. त्या त्याच्या तळहातावर फेस देत, त्यावर आणखी देत. त्याला ती वस्तू नको होती, आधी शब्द हवा होता. तो पाय देईना, आणि जबरदस्ती नको म्हणून ताई निघून जात. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली तोवर जखम चिघळली होती.

मावशी परतल्या तेव्हा पाहुण्याला गुडघ्याखाली पाय नव्हता.

"साबण लावत नव्हतीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हवा तेवढा दिला, मावशी," ताई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मावशी खाटेजवळ गेल्या आणि "हे पाणी" म्हणाल्या. पाहुण्याने भिंतीकडे तोंड केलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, तान्ह्याला हात लावण्याआधी काय करताय ते तोंडाने सांगा. त्याला तुमची भाषा येते की नाही, ते बघत बसू नका.