मी आता आवाज न करता धावते

मी बोलतेय खरी, पण मला आवाज नाही. म्हणजे होता. गेल्या एप्रिलपर्यंत असा होता की मी सुरू झाले की तीन शेतं पलीकडची कुत्री भुंकायला लागायची. तो आवाज माझ्यातून काढून घेतला त्याची ही गोष्ट.

मी एक शर्यतीची गाडी आहे, लहान मुलांची. अंगानं लांब आणि निमुळती, पुढे सायकलीसारखी बारीक चाकं, मागे दोन जाड चाकं, आणि मधे एका पोराला बसायला लोखंडी पिंजरा. वळणं घेणं माझं काम नाही. साडेसहाशे फुटांचा सरळ रस्ता, एका वेळी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, की संपलं. बारा सेकंदांचा कारभार. त्यासाठी माणसं सकाळपासून उन्हात बसतात.

वर्लिननं मला जन्म दिला. अमेरिकेतल्या इंडियानात, मक्याच्या शेतांमधल्या त्याच्या शेडमध्ये. दिवसा तो धान्याच्या कोठारांचं वेल्डिंग करायचा आणि संध्याकाळी माझे पाइप जोडायचा. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी, कॉरीनसाठी.

कॉरीनला तेव्हा भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हेल्मेट घालून ती माझ्यात अशी उडी मारायची जशी मुलं पलंगावर मारतात. एक उन्हाळा आम्ही दोघी हुंदडलो. मग तिची आई आजारी पडली. एका रविवारी वर्लिननं साखळ्या लावून मला शेडच्या आढ्याला टांगलं आणि वर ताडपत्री टाकली. कॉरीन खाली उभी राहून बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

सोळा वर्षं मी आढ्याला होते. गांधीलमाशांनी माझ्या सीटखाली घर केलं. खाली काय चाललंय ते कानावर येत होतं. आई गेली, कॉरीनचं लग्न झालं, ते मोडलं, ती एका बाळाला घेऊन परत बापाकडे आली. ते बाळ सात वर्षांचं झालं आणि एक दिवस मान वर करून म्हणालं, "आजोबा, ती शेपूट कुणाची?"

ती हॅटी. आणि ती शेपूट माझी.

मला खाली उतरवलं, धुतलं, नवा पट्टा, नवे टायर. हॅटी आईसारखीच निघाली, उडी मारून बसणारी. पण कॉरीन ती कॉरीन राहिली नव्हती.

आमच्या शर्यतीत एक रीत आहे. आपली गाडी किती सेकंदात जाईल तो आकडा आधीच काचेवर लिहायचा, पांढऱ्या बुटाच्या पॉलिशनं. हळू गाडीला आधी सोडतात, जोरातल्या गाडीला मागून, म्हणजे दोघांना सारखी संधी. पण आपण लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोहोचलात, तर हरलात. म्हणून आकडा खरा लिहावा लागतो.

माझा आकडा कॉरीन लिहायची. आणि ती नेहमी थोडा वाढवून लिहायची. "शेवटी पाय उचल हं बाळा, थोडं हळू," असं सांगायची. हॅटी कशाला उचलतेय! त्यापायी पोर दोनदा हरली.

तिची दुसरी सवय तर सगळ्या मैदानाला ठाऊक होती. आम्ही रेषेवर गेलो की ती कुंपणाची पट्टी दोन्ही हातांनी धरायची आणि पाठ फिरवायची. ती बघायची नाही, फक्त ऐकायची. आधी माझी गुरगुर, मग किंचाळी, आणि शेवटी पाय उचलल्यावरची फटफट. फटफट ऐकली की तिचा अडकलेला श्वास सुटायचा.

"कॉरीन, अगं शर्यत या बाजूला आहे," शेजारची डीना म्हणायची. तिचाही मुलगा गाडी चालवतो. "मका काय बघतेस? तो काही पळणार नाहीये."

"मका बरा आहे. तो हेल्मेट घालून कुठे जात नाही," कॉरीन म्हणायची.

तिला सगळ्याचीच भीती वाटायची, पण सगळ्यांत जास्त माझ्या इंधनाची. ते पेट्रोल नव्हे, मिथेनॉल; पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. हे तिला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून ती माझ्याजवळ आली की आधी हवेत हात फिरवून बघायची, गरम लागतंय का म्हणून.

मार्चमध्ये शाळेत मुलांचे कान तपासले. हॅटीला डाव्या कानानं बारीक आवाज ऐकू येत नव्हते. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हे गाडीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण यापुढे एवढा आवाज नको. कानात बोळे घालूनही नको.

त्या दिवशी कॉरीन एकटीच शेडमध्ये आली आणि माझ्या मागच्या चाकावर बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. हलकेच म्हणाली, "सुटले बाई." खरं सांगते, मला राग नाही आला. माझ्यामुळे पोरीचा कान गेला असेल या विचारानं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्लिन साखळ्या घेऊन आला. एक साखळी माझ्या पुढच्या पाइपला बांधून झाली तेवढ्यात कॉरीन दारात आली. तिच्या मागे हॅटी, नुसते पायमोजे घातलेली.

"बाबा, थांबा."

"का? डॉक्टरीण म्हणाली ना."

"डॉक्टरीण म्हणाली आवाज नको. गाडी नको असं नाही म्हणाली." कॉरीन आत आली. "विजेची करा."

वर्लिननं टोपी काढली, डोकं खाजवलं. "विजेची? कपडे धुवायच्या मशीनची मोटर बसवू?"

"कसलीही बसवा."

"काल तर तू खुशीत होतीस."

"होते. पण मला टांगलं... म्हणजे गाडी टांगलीत ना, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी हिला विचारलं."

वर्लिननं टोपी परत डोक्यावर घातली, साखळी हातात घेतली. मग गाठ सोडली.

मग माझं मोठं ऑपरेशन झालं. आधी इंधनाची टाकी गेली. ती कॉरीननं स्वतःच्या हातानं बाहेर नेली, लेकराचा घाण लंगोट न्यावा तशी, लांब धरून. मग इंजिन. वर्लिननं ते जुन्या टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि त्यावर एकदा थोपटलं. त्याच्या जागी जेमतेम भाकरीच्या डब्याएवढी मोटर आली. दोन्ही कुशींना बॅटरीच्या पेट्या, नारिंगी वायरी, आणि पाठीवर एक लाल दिवा. मी जागी असले की तो लागतो, कारण नुसतं बघून किंवा ऐकून ते आता कुणाला कळणार नाही. मागची चाकं फिरवणारी साखळी तेवढी जुनी ठेवली.

माझी मागची चाकं उचलून पहिल्यांदा चालवून बघितली, तेव्हा शेडमधली मांजर फळीवर झोपली होती. आधी मी खोकले तरी ती पळायची. चाकं गरागरा फिरली आणि तिनं नुसता कान हलवला.

"मेली की काय गाडी?" वर्लिन म्हणाला.

"आजोबा, हात लावू नका! जिवंत आहे!" हॅटी ओरडली.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. डीनानं नाक मुरडलं. "हे काय, विजेची? आता झाडूपण मारणार वाटतं?"

आधी सरावाची फेरी होती, एकटीची. पुढचं मला कॉरीननं नंतर सांगितलं, मला पुसता पुसता. मी रेषेवर गेले आणि सवयीनं तिनं कुंपण धरून पाठ फिरवली. वाट बघितली. गुरगुर नाही, किंचाळी नाही. टायरची थोडी सरसर झाली असेल, ती वाऱ्यात गेली. तिला वाटलं, बंद पडली गाडी. बरंच झालं, असंही वाटलं. आता हॅटी चिडली असेल, तिला लिंबू सरबत घेऊन देऊ, म्हणून ती वळली.

रस्ता रिकामा होता. गाडी नाही, मूल नाही.

"हॅटी!"

मी तेव्हा पार पलीकडच्या टोकाला थांबत होते. ती हाक तिथवर आली. मी इतक्या वेळा धावले, पण मागून कुणी हाक मारलेली मला कधी ऐकूच आली नव्हती. हॅटीनं मान हलवली. "आई ओरडली का?" ती स्वतःशीच म्हणाली.

आम्हाला ओढून परत आणलं तेव्हा कॉरीनचा चेहरा पिठासारखा झाला होता. "बस्स. चला घरी. निदान आधी ऐकू तरी यायचं मला!"

"आई, मी बारा शून्य चारमध्ये गेले."

"मला नाही ऐकायचं."

"तू बघितलंस?"

कॉरीन मक्याकडे बघायला लागली.

"तू कधीच बघत नाहीस," हॅटी म्हणाली. रागानं नव्हे, वेळ सांगावी तसं. "एकदा बघ. मग तू घरी म्हणालीस तर मी येईन. शप्पथ."

वर्लिन टायरची हवा बघत होता. हवा त्यानं मघाशीच बघितली होती.

कॉरीननं पॉलिशची बाटली उचलली. माझ्या काचेवर लिहिलं, बारा वीस. हॅटीनं वाकून वाचलं आणि आईकडे बघितलं. कॉरीननं आपल्याच बाहीनं तो आकडा पुसला. पांढरा डाग पसरला, तिनं तो पुन्हा पुसला. मग लिहिलं, बारा शून्य चार. शेवटचा आकडा जरा वाकडा आला.

"पाय उचलू शेवटी?"

"नको," कॉरीन म्हणाली. "जशी जातेस तशी जा."

शेजारच्या रेषेत डीनाचा मुलगा होता, त्याची गाडी कान फोडत होती. हॅटीच्या कानांवर मोठी झाकणं होती. तो हळू, म्हणून आधी सुटला आणि त्याच्याबरोबर तो गोंगाटही पुढे गेला. मग एक क्षण आमच्याभोवती शांतता झाली, आणि कुंपणापासून, अगदी जवळून, आवाज आला, "जा गं बाळा!"

तीन पिवळे, मग हिरवा. मी गेले.

बारा शून्य पाच. डीनाचा मुलगा हातभर मागे राहिला.

मला मागे बघता येत नाही. पण न्यायला आलेला वर्लिन हॅटीचे पट्टे सोडवत म्हणाला, "तुझी आई कुंपणावर चढून बघत होती. खाली उतरवायला माणूस पाठवावा लागला." आणि मग त्यानं नाक शिंकरलं.

कॉरीन आली ती धावतच. हेल्मेटसकट पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं माझीच हवा गेली. पुढच्या फेरीत हॅटी हिरव्याच्या आधीच सुटली आणि हरली. कुणाला वाईट वाटलं नाही. सगळे सरबत प्यायले.

आता मी शेडमध्ये असते, जमिनीवर, आढ्याला नाही. साखळ्या खिळ्याला गंजतायत. मला चार्जिंगला कॉरीनच लावते आणि तासाभरानं पेट्यांना हात लावून बघते, गरम झाल्यात का म्हणून. भीती काही गेलेली नाही तिची. पण इंधनाचा वास गेला, आणि हवेत हात फिरवणं गेलं. डॉक्टरीणबाईंनी कान पुन्हा तपासला. आहे तेवढाच आहे, आणखी बिघडला नाही. त्या दिवशी कॉरीननं ते मला दोनदा सांगितलं.

फळीवर टॉवेलात माझा जुना आवाज झोपलाय. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्यानं मला खूप लांबून ओळख मिळवून दिली. पण त्याच्यापायी मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. कधी आमच्या मैदानावर आलात आणि माझ्या पाठीवर लाल दिवा दिसला, तर जरा लांब उभे राहा, मी जागी असते. पण गप्प नका राहू. काहीतरी बोला. मला आता ऐकू येतं.