मी शेठचं फाटक अडवलं

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. जुना म्हणजे गरीब बिचारा असं समजू नका. माझा रंग उडालाय, एक दरवाजा दोरीने बांधलाय, हॉर्न दाबला की शिंक आल्यासारखा आवाज येतो. पण माझा डूख अजून शाबूत आहे. लोक म्हणतात, साप डूख धरतो. धरत असेल बुवा, मला सापांची माहिती नाही. ट्रक धरतो, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लालभडक होतो. माझ्या मालकाने मला घरं हलवायच्या धंद्यात घातलं. कुणी ट्रक वाळू वाहतो, कुणी सिमेंट. मी संसार वाहिले. कपाटं, गाद्या, शिलाईची मशिनं, कुंड्या, एकदा तर उशांच्या ढिगात लपलेलं मांजर या शहरातून त्या शहरात नेलं. माझे पहिले चालक म्हणजे काका. चावी लावायच्या आधी ते तेल बघायचे, पाणी बघायचे आणि माझ्या नाकाडावर दोन थापा मारून म्हणायचे, "चला राव, लोकांचा संसार आहे, सांभाळून." मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, पण काका मला अहो-जाहो करायचे.

काकांचं एक म्हणणं होतं. घर बदलायच्या दिवशी माणसाला कुठेच चूल नसते. जुनी विझलेली असते आणि नवी अजून पेटायची असते. पातेली, डबे, पोळपाट, सगळं माझ्या पोटात गाद्यांखाली दडपलेलं. म्हणजे त्या दिवशी वाटेत जे पानात पडेल, तेच नव्या आयुष्यातलं पहिलं जेवण. "तेच वाईट निघालं, तर नवं शहर माणसाच्या कायम घशाशी येतं," काका म्हणायचे. म्हणून जेवायची जागा ते डोळ्यांत तेल घालून निवडायचे. पाटी आणि दिवे बघून ते कधी थांबले नाहीत. आधी आत डोकावून आचारी स्वतः काय खातोय ते बघायचे आणि मग लोकांना उतरवायचे.

नदीवरच्या पुलापाशी मावशींची खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, पाटी नाहीच. मावशी माणसं मोजून तांदूळ धुवायच्या, त्यामुळे थांबावं लागायचं. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "लवकर हवं असेल तर पुढे जा, गरम हवं असेल तर बसा." बसणारे वाफाळता भात, डाळ आणि तव्यावरचे मासे पोटभर खायचे. सकाळी घर सोडताना रडलेली माणसं तिथून चढताना माझ्या पाठीवर बसून गप्पा मारत असायची. मला तो बदल फार आवडायचा.

मग मावशींच्या अलीकडे मैलभरावर शेठचं हॉटेल उभं राहिलं. काचेची दारं, रंगीत दिवे, आणि आत शिरायला एकच फाटक. दोन्ही बाजूंना खोल चर. शेठची एक पद्धत होती. चालकाने गिऱ्हाईक आणून सोडलं की चालकाला मागच्या पडवीत फुकट जेवण, तेही वेगळ्या पातेल्यातलं, ताजं. काकांनाही त्याने एकदा बोलावून बसवलं. काकांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "शेठ, माझ्या लोकांनाही याच पातेल्यातलं वाढणार ना?"

शेठ हसला. "काका, तुम्ही जेवा ना. लोकांचं कशाला बघता?"

काका हात धुऊन उठले आणि आपल्या लोकांना घेऊन मावशींकडे गेले. शेठला ते झोंबलं. तो माझ्या मालकाचा साडू. त्याने साडूचे कान भरले, की तुझा चालक गिऱ्हाइकांना पत्र्याखाली तास तास ताटकळत ठेवतो. मालक कानाचे हलके. आठवड्याभरात काकांची नोकरी गेली. जाताना काकांनी माझी काच पुसली आणि ते निघून गेले. तेव्हा मी शेठचं नाव मनात लिहून ठेवलं.

काकांच्या जागी हिरो आला. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण तो दर दहा मिनिटांनी माझ्या आरशात भांग पाडायचा. तेल बघ म्हटलं की याच्या कपाळाला आठ्या. माझी क्लच प्लेट जळायला लागली, वास त्याच्या नाकापर्यंत गेला, तर पठ्ठ्याने खिडकी उघडली. शेठच्या पडवीतलं फुकटचं जेवण मात्र त्याने एक दिवस चुकवलं नाही.

एकदा एका शिक्षिकाबाईंची बदली झाली. बाई, त्यांचे यजमान आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीने बाहुलीचा पलंग स्वतः माझ्यात ठेवला आणि मला म्हणाली, "ट्रकदादा, हळू जा हं, ती झोपलीये." दादा! मला आजवर खटारा, डबडं, काय काय म्हणून झालं होतं, पण दादा कुणी म्हटलं नव्हतं. दुपारी हिरोने मला शेठकडे वळवलं. मी मागे पडवीजवळ उभा होतो, तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. आचारी विचारत होता, "शेठ, कालचा भात आंबूस लागतोय. टाकू का?"

"टाकतोस कशाला? ते बिऱ्हाडवाले आलेत ना, त्यांना वाढ," शेठ म्हणाला. "घर बदलणारा माणूस या रस्त्याने एकदाच जातो. तो काय तक्रार करायला परत येणार आहे?"

संध्याकाळ व्हायच्या आत पोरीला उलट्या सुरू झाल्या. नवं शहर आलं तेव्हा तिची मान टिकत नव्हती. बाई तिला घेऊन तशाच दवाखान्यात धावल्या. माझ्यातलं सामान उतरून होईपर्यंत तिचे वडील एकटेच फुटपाथवर बाहुलीचा पलंग हातात धरून उभे होते. पोर चार दिवसांनी बरी झाली. नव्या घरातली चूल तोवर कुणी पेटवली नव्हती.

त्या दिवशी माझ्या इंजिनात जे पेटलं ते डिझेल नव्हतं, मित्रांनो. तो माणूस परत येणार नाही, खरं आहे. पण मी आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्याने येत होतो. ठरवलं, शेठ, तुझं उट्टं मी काढणार. जळकी क्लच प्लेट मी दाताखाली धरून ठेवली आणि वेळेची वाट बघत राहिलो.

वेळ आली. एका बस कंपनीच्या बाई आणि त्यांचे साहेब हॉटेल बघायला येणार होते. पसंत पडलं तर कंपनीची प्रत्येक बस रोज दुपारी शेठच्या दारात थांबणार. शेठ सकाळपासून नवा सदरा घालून मिरवत होता. माझ्यात त्या दिवशी एक अख्खं वाचनालय होतं. पुस्तकांपेक्षा जड काही नसतं, हमालांना विचारा. अकराच्या सुमाराला हिरोने मला फाटकात घातलं. अर्धा आत, अर्धा बाहेर असताना मी दात उघडले. प्लेट गेली आणि मी बसलो.

"ढकला रे! ढकला त्या खटाऱ्याला!" शेठ किंचाळत होता. बारा जणांनी ढकललं. मी ढिम्म हललो नाही. शेठने चाकाला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा धरून एका पायावर नाचला. अहाहा, काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात बस आली. फाटकातून माणूस काय, शेळीसुद्धा शिरली नसती.

बस कंपनीच्या बाई खाली उतरल्या. म्हणाल्या, "राहू दे शेठ, धावपळ करू नका. आम्ही मागच्या दाराने येतो."

"नको, मागे नको!" म्हणेपर्यंत बाई कुंपणाला वळसा घालून स्वयंपाकघरात पोचल्यादेखील. तिथे आचारी कालच्या भातावर उकळतं पाणी ओतत होता, आणि ताटांतला उरलेला रस्सा चाळणीतून परत पातेल्यात पडत होता.

"हे कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

आचारी साधा माणूस. तो घाईघाईने म्हणाला, "तुमच्यासाठी नाही हो बाई! तुमचं वेगळं केलंय."

बाई आल्या तशा परतल्या. बस पुढे निघून मावशींच्या पत्र्याखाली थांबली, आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या सगळ्या बस तिथेच थांबायला लागल्या. बातमी रस्त्याभर झाली. शेठच्या दारात कुत्रंही फिरकेना. दीड दिवस मी फाटकातच होतो. मग हिरो मला सोडून पळाला आणि मालकांना नाक मुठीत धरून काकांना बोलवावं लागलं. काकांनी दुसरी प्लेट बसवली, तेल बघितलं, नाकाडावर दोन थापा मारल्या. मी पहिल्या चावीला चालू झालो.

वर्ष गेलं. शेठचं हॉटेल बंद पडलं आणि त्याने दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं. सामान न्यायला साडूचाच ट्रक आला, म्हणजे मी. काकांनी त्याची कपाटं चढवली. मी आतल्या आत धुमसत होतो. काका, याला उपाशी न्या, मी म्हणत होतो. पण काका मावशींकडेच थांबले. मावशींनी शेठला ओळखलं. मला वाटलं, आता चांगली जिरवतील. छे! त्यांनी माणसं मोजली, तांदूळ धुतले आणि अर्ध्या तासाने शेठ, त्याची बायको आणि दोन मुलं यांच्यापुढे वाफाळती ताटं ठेवली. मुलांनी दोनदा भात मागितला. बायको बोटं चाटत होती. मला मावशींचा असा राग आला म्हणता!

शेठने पहिला घास उचलला आणि नाकाशी नेला. मग ताटाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. घास खाली ठेवला.

"खा ना शेठ," काका म्हणाले. "पातेलं एकच आहे. मीही त्यातलंच खातोय."

"भूक नाही," शेठ म्हणाला. त्याचं पोट गुरगुरत होतं, ते मला बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं. घर बदलणाऱ्याच्या ताटात काय काय वाढता येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो भरल्या ताटावरून उठला. मावशींनी ताट उचललं आणि एवढंच म्हणाल्या, "बिचारा." मी तसं नाही म्हटलं. पुढचे पाच तास काका खड्डे चुकवायचा प्रयत्न करत होते आणि मी एकही खड्डा चुकवला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचं तेल बघत जा, एवढी विनंती आहे. आणि तुमच्या शेजारी कुणी नवं राहायला आलं, तर त्यांची चूल अजून लागलेली नसते हे लक्षात ठेवा. काहीतरी गरम नेऊन द्या. नाही दिलंत तरी चालेल, पण शिळं देऊ नका. घर बदलायची पाळी तुमच्यावरही येईल, आणि मी अजून चालतो आहे.