दहा इंची रिम

"ड्रायव्हरनं हवा कमी केली म्हणून टायर निसटला, एवढंच सांगायचं," लाकडाच्या डेपोचा मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाला. "चौकशीचे साहेब आत बसलेत. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार, मिस्त्री?"

मेलेला माणूस मिस्त्रींच्या बायकोचा धाकटा भाऊ होता.

जंगलातले ओंडके वाहणाऱ्या ट्रकांची चाकं मिस्त्री सव्वीस वर्षं बसवत आले होते. कुठल्या टायरला किती रुंद रिम मानवेल, हे ते नुसत्या हातानं चाचपून सांगत. महिन्यापूर्वी मॅनेजरनं मोडीत निघालेल्या कुठल्याशा ट्रकच्या दहा इंच रुंदीच्या रिमा त्यांच्या पुढ्यात आणून टाकल्या.

"या टायरला साडेआठ इंचांच्या वर रिम चालत नाही, साहेब. कडा ताणल्या जातील. चिखलात पकड यावी म्हणून हवा कमी केली, की टायर रिम सोडणार."

"बसतोय की नाही?"

"बसवला तर बसेल."

"मग बसवा. का दुसरा माणूस बघू?"

मिस्त्रींनी बसवला. ट्रक घ्यायला आलेल्या मेहुण्यानं चाकाला लाथ मारून पाहिली.

"दाजी, तुमच्या हातचं काम म्हणजे आपण बिनघोर!"

शब्द मिस्त्रींच्या ओठांवर आले होते. पण मॅनेजर दारातच उभा होता. "सांभाळून जा," एवढंच ते म्हणाले.

नवव्या दिवशी निसरड्या उतारावर पुढचा डावा टायर रिममधून निसटला. ट्रक ओंडक्यांसकट खाली गेला.

आत साहेबांनी विचारलं, "हवा कमी होती?"

"होती. त्या वाटेवर सगळेच कमी करतात. चूक त्याची नाही. रिम जास्त रुंद होती."

"कुणी बसवली?"

"मी."

"तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं. मॅनेजरसाहेबांना सांगितलंही होतं. पण हात माझे होते."

सही करून ते बाहेर आले, तेव्हा मॅनेजरनं तोंड फिरवलं. "उद्यापासून येऊ नका."

घरी बायको भावाचे कपडे आवरत होती. तिनं मान वर केली.

"त्याच्या माथी नाही ना मारलं?"

"नाही. खरं ते सांगितलं. त्या टायरला ती रिम चालणारी नव्हती. मला माहीत होतं."

"आधीपासून?"

"आधीपासून."

हातातल्या शर्टाच्या बाह्या तिनं नीट जुळवल्या, उलगडल्या, पुन्हा जुळवल्या.

"हा तुम्हाला होईल, म्हणून बाजूला काढला होता," ती म्हणाली, आणि तो तिनं बाकीच्या कपड्यांबरोबर गाठोड्यात बांधला.