फियाट तापण्याचे कारण

ऋषिराजची गाडी मी शेळगावात, माहेरी असले की तापत असे. मी नसले की तापत नसे.

ऋषिराज माझा धाकटा भाऊ. गाडी मूळची आमच्या वडिलांची, आप्पांची: फुगीर नाकाची छोटी जुनी फियाट, जिला आमच्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. ऋषिराजचे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते त्या काळात आप्पांनी ती मला चालवायला शिकवली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना अडायचा. तिथे हात किती दाबायचा आणि केव्हा सैल सोडायचा, हे घरात दोघांनाच ठाऊक होते, आप्पांना आणि मला. पुढे मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, लग्न होऊन बारामतीला आले आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, चाचणी प्रयोगशाळेत, नोकरीला लागले. त्यानंतरच्या एका दिवाळीत आप्पांनी फियाटची किल्ली ऋषिराजच्या हातात ठेवली. मी त्याच खोलीत फराळाचे ताट घेऊन उभी होते.

"योगिनीच्या घरी गाडी हाय," आप्पा म्हणाले. "तिला काय करायची ही?"

ऋषिराज ती विकेल असे मला वाटले होते. विकली असती तर मला ते सहन झाले असते. त्याने तिची हॉट रॉड केली.

लहान जुनी गाडी घ्यायची, तिचे बाह्यरूप ओळखू येईल इतपत ठेवायचे आणि आतली ताकद तिच्या आकाराला अजिबात न शोभेल इतकी वाढवायची, अशी ही हौस आहे. ऋषिराजने ती मोबाइलवर पाहिली आणि इंदापूरच्या बादशाहभाईंच्या गॅरेजात प्रत्यक्षात आणली. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या जीपगाडीचे टर्बो डिझेल इंजिन त्यांनी मिळवले. त्याचा भार मूळ सांगाड्याला पेलणार नव्हता, म्हणून खालून चौकोनी पाइपांची नवी चौकट वेल्ड केली. मागची चाके रुंद केली. बॉनेट कापून इंजिनाचा वरचा भाग उघडा ठेवला. गिअरबॉक्स इंजिनाबरोबर आलेलाच बसवला. गिअर आता जमिनीतून वर आला. रंग पिकल्या जांभळाचा. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास परवानगी मिळत नाही, त्यामुळे ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ये-जा करी आणि आमच्या उसामधल्या खासगी रस्त्यावर धावे.

एक अडचण होती. इंजिनाने पुढची सगळी जागा खाल्ल्यामुळे रेडिएटरला जागा उरली नाही. तो ऋषिराजने मागे डिकीत नेला. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पत्र्याची बंद पेटी केली, गाडीच्या दोन्ही मागच्या अंगांना हातभर खिडक्या कापल्या आणि रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा लावला. खिडक्यांतून पेटीत हवा यायची, पंखा ती रेडिएटरच्या जाळीतून ओढून मागे टाकायचा. मी त्याला समजावून सांगितले की एवढ्या इंजिनाची उष्णता एवढ्या हवेने निघणार नाही. हिशेब माझ्या विषयातला होता आणि तो मी दोनदा तपासला होता.

"ताई, तुमचं गणित बरोबरच असणार," बादशाहभाई म्हणाले. "पर ते गाडीला कुठं म्हाईत हाय?"

गाडीला ते खरोखरच माहीत नव्हते. पाण्याचे तापमान जिथे राहायला हवे तिथे राहिले. खिडक्यांतून येणाऱ्या हवेचा वेग मी कमी धरला होता, हे मला नंतर कळले. ऋषिराजने मात्र काहीच धरले नव्हते. त्याने नुसते कापले आणि वेल्ड केले.

इंदापूरच्या गॅरेजात इंजिन प्रथम सुरू केले तेव्हा घरातले सगळे गेलो होतो. आईने नारळ फोडला. आप्पांना खुर्ची दिली होती. माझ्या पदवीदान समारंभाला ऊसतोडीचे कारण सांगून न आलेले आप्पा तिथे डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. नंतर ते उठून गाडीत बसले आणि त्यांनी गिअर टाकून पाहिला.

"लोण्यासारखा पडतुया," ते म्हणाले. "आधी काय दंगा करायचा."

मी गाडीच्या डाव्या बाजूला उभी होते. मला एवढेच जाणवले की माझ्या हाताला जे येत होते त्याची आता या जगात कुठेही गरज उरलेली नाही.

गाडी शेळगावला आली. पुढच्या सुट्टीला मी माहेरी गेले, ऋषिराजने ती उसातून पळवली आणि परतताना मागून वाफ निघाली. मला बरे वाटले. ऋषिराज उतरला, त्याने किल्ली फिरवून सगळे बंद केले, डिकी उघडली, पंखा हाताने फिरवून पाहिला. माझ्या हिशेबाचा मी उल्लेख केला नाही. करायची गरज नव्हती. परंतु मी बारामतीला परतल्यावर त्याने तीच गाडी त्याच रस्त्यावर तशीच पळवली तेव्हा तापमानाचा काटा हललासुद्धा नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीला मी गेले, पुन्हा वाफ. ऋषिराजने पाण्याचा पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, नळ्या बदलल्या. दर वेळी दुरुस्तीनंतर गाडी नीट चालायची, मी येईपर्यंत.

शेवटी तो बारामतीला माझ्या घरी आला. चहा पिऊन झाल्यावरही कप हातात धरून बसला.

"आक्का, रागवू नगंस. रविवारी हितल्या मैदानावर प्रदर्शन हाय. जुन्या गाड्या, बदललेल्या गाड्या. आखून दिलेल्या पट्ट्यात पळवून दाखवायची हाय."

"माहीत आहे. मैदान माझ्या गच्चीवरून दिसतं."

"तू येऊ नगंस."

"का?"

"तू असलीस की तापती."

"हे कोण म्हणतं?"

"म्हणायला कशाला पायजे? दिसतंय की. घरात सगळ्यांच्या ध्यानात आलंय."

"मग गच्चीवरून पाहिलं तर चालेल?"

त्याने खिडकीतून मैदानाकडे पाहिले. "अंतर किती पडंल?" त्याने गंभीरपणे विचारले.

नजर लागणे हे कारण मी मानत नाही. डोळा प्रकाश घेतो, सोडत नाही. पण ऋषिराजचे निरीक्षण खरे होते आणि ते नाकारण्याची मला सोय नव्हती. शिवाय परिणाम स्पष्ट होते. मी मैदानावर गेले नाही आणि गाडी नीट पळाली, तर माझी नजर वाईट असल्याचे माहेरी कायमचे सिद्ध होणार होते. पुढे बारसे असो, नवा ट्रॅक्टर असो की घरभरणी, मला सगळे आटोपल्यावर बोलावले गेले असते. गाडी गेलीच होती. आता घरातली जागाही तिच्यामागे चालली होती.

मी दोन चाचण्या करायचे ठरवले.

पहिली इंदापुरात. प्रदर्शनापूर्वी रंगाचा हात फिरवायला गाडी बादशाहभाईंकडे होती. कामावरून सुटल्यावर मी कोणाला न सांगता तिकडे गेले आणि गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत ती जोरात फिरवायला सांगितली. मी मधोमध उभी राहून तिच्याकडे पाहत राहिले. मत्सर मोजण्याचे उपकरण नाही. तरी त्या वेळी तो कमी पडत होता असे मी म्हणणार नाही. ऊन पडले की जांभळा रंग तळाशी तांबूस व्हायचा. मला तोही आवडला.

काटा स्थिर होता.

"ताई, जरा जोर लावा," काच खाली करून बादशाहभाई म्हणाले.

"लावतेय."

"मग तुमच्या नजरंत काय दम न्हाय. उगं बदनाम झाला."

दुसरी चाचणी शनिवारी, शेळगावात. गाडी परत आली होती. मी आईला नेहमीप्रमाणे सकाळी फोन करून येत असल्याचे सांगितले, गेले ती थेट मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले आणि अंगणाकडे पाठ करून बसले. येताना प्रयोगशाळेतला दुरून तापमान मोजणारा तापमापक पर्समध्ये आणला होता. ऋषिराजला बजावले होते की वाफ दिसली तर इंजिन बंद कर, पण पंखा चालू ठेव. आई भाकरी थापत होती. गाडीकडे मी एकदाही पाहिले नाही.

"आक्का," बाहेरून ऋषिराजची हाक आली. आवाजात खात्री होती. "तापली."

म्हणजे मी पाहत असताना ती तापली नव्हती आणि पाहत नसताना तापली होती. नजर वगळता आली. उरले माझे शेळगावात येणे, आणि ते गाडीला कोणी कळवले असेल एवढाच प्रश्न.

मी बाहेर गेले. पंखा घरघरत होता. डिकी उघडून मी पंख्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून रेडिएटरच्या जाळीवर तापमापक धरला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. डावा भाग निवत होता. उजवा भाग पेटलेला होता. मधली सीमा सरळ रेषेत होती. गाळ साचला किंवा नळी तुंबली तर अशी रेषा येत नाही. सरळ कडा माणसाने केलेल्या वस्तूला असते.

मी उजव्या खिडकीतून कोपरापर्यंत हात पेटीत घातला. बोटांना कापड लागले. पंख्याने ते जाळीवर इतके घट्ट ओढून धरले होते की नखाने सोडवावे लागले. बाहेर काढले तेव्हा तो काळ्या लुगड्याचा हातभर तुकडा निघाला. एका टोकाला गाठ होती आणि गाठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि बिब्बा.

"हे काय?" ऋषिराजने विचारले.

मी कापड उलगडून पाहिले. ती चंद्रकळा आईची होती; माझ्या लहानपणी ती संक्रांतीला नेसायची. पंखा बंद केला की हा तुकडा पेटीच्या तळाशी गळून पडत असणार आणि डिकीतून पाहणाऱ्याला मधल्या रेडिएटरमुळे दिसत नसणार. इंदापूरला गाडी जाईपर्यंत तो तिथे राहतही नसणार.

आई हाताचे पीठ झटकत दारात आली. तिने माझ्या हातातल्या कापडाकडे पाहिले आणि हात पुढे केला.

"दे इकडं. चुलीत टाकायचं असतंय ते."

"आई, हे तू ठेवलंस?"

"मग कोण ठेवणार? तुझा फोन आला की ठेवती. तू गेलीस की काढून जाळती. बोलायचं नसतंय, बोललं की गुण जातो. गेला आता."

ऋषिराज पायरीवर बसला. "आई, मी पंप बदलला. नळ्या बदलल्या."

"बदलल्यास तर बदलल्यास. नव्या झाल्या की."

"अगं, ह्यानंच तापत होती ती."

"तापती म्हणून तर ठेवत हुती मी."

इथे क्रमाचा प्रश्न होता, आणि तो मी विचारला. "पहिल्यांदा तापली त्याच्या आधी ठेवलंस की नंतर?"

आईने मनाशी आठवून पाहिले. ती खोटे बोलत नाही.

"आधी."

"आधी कशासाठी?"

"इंदापुरात इंजान चालू केलं तवा मी तुझ्याकडं बघितलं. आप्पा गाडीत बसलं हुतं, गिअरचं काय तरी बोललं. तुझं तोंड बघितलं मी."

"आणि तुला वाटलं माझी नजर वाईट आहे."

"वाईट न्हाय गं बाई." तिने कापड माझ्या हातातून काढून घेतले आणि घडी घातली. "परक्याची लागत न्हाय. जिवाच्या माणसाचीच लागती. तुझं त्या गाडीवर लई मन हाय. मला काय दिसत न्हाय व्हय?"

तिला मी वाईट वाटत असते तर वाद घालणे सोपे गेले असते. मी घातला नाही. ती कापड घेऊन आत गेली आणि चुलीत टाकले. मिरचीचा ठसका अंगणापर्यंत आला.

ऋषिराजने पाणी भरले आणि गाडी पुन्हा उसातून नेली. मी रस्त्याच्या कडेला, अगदी जवळ, उभी राहून पाहिले. तो परत आला, खाली न उतरता काट्याकडे बोट दाखवले. काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

"रविवारी ये," तो म्हणाला. "जवळ उभी राहा. पायजे तर बॉनेटवर बस."

"आणि आई?"

"आईची आधी झडती घ्यावी लागंल."

"मी येणारच हाय," आतून आई खोकत म्हणाली.

ऋषिराज हसला. मीही हसले. गाडी त्याचीच होती आणि ती चांगली झाली होती. दोन्ही गोष्टी मला पूर्वीइतक्याच टोचत होत्या.

तर कारण असे. मला माझ्या भावाचा मत्सर वाटत होता आणि वाटतो. तो आईने इंदापुरात माझ्या चेहऱ्यावर पाहिला. त्यापासून गाडी जपावी म्हणून मी येण्याआधी ती उजव्या खिडकीतून काळे कापड आत सोडत असे आणि मी गेल्यावर काढून जाळत असे. पंखा ते कापड रेडिएटरवर ओढून धरी. निम्म्या जाळीतून हवा जात नसे, आणि पाणी उकळे.