पायघोळ र

एकोणीसशे अडुसष्ट साली छापखानेवाल्यांच्या थोरलीने स्वतः अक्षरं काढली आणि सुतारकाकांनी ती लाकडात कोरली. अक्षरं जाड, काळीभोर. प्रत्येक काना कमरेत बारीक आणि पायाशी पसरलेला, जणू घेरदार झगा घालून कुणी ऐटीत उभं आहे. छपाईचे खिळे जुळवणारे जुळारीकाका त्यांना 'पायघोळ' म्हणायचे.

वडिलांनी ठसा डोळ्यांजवळ धरून पाहिला. "ही बोलत नाहीत गं, ओरडतात."

"लांबून हाक मारायची तर ओरडायलाच हवं ना, बाबा?"

"बरं. पहिल्या कामात हाक नीट ऐकू आली तर कपाटात यांना खण देईन. नाही तर शेगडी आहेच."

वर्षभर थोरलीने दुसरं काही केलं नव्हतं.

पहिलं काम आलं ते मालवाहतूकवाल्या शेठजींच्या भित्तिपत्रकाचं: 'आज द्या, उद्या रवाना'. उत्साहाच्या भरात तिने पत्तासुद्धा पायघोळमध्येच जुळवला. कागदावर नुसता काळा चिखल.

"सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणी?" जुळारीकाका म्हणाले. तिने पत्ता साध्या बारीक खिळ्यांत घेतला आणि नवा कागद समोरच्या भिंतीवर लावला. जवळून तो देखणाच दिसत होता.

शेठजी मात्र रस्त्यापलीकडून ओरडतच आले. "अहो, हे काय छापलंय? 'आज द्या, उद्या खाना'! उद्या लोक डबे घेऊन जेवायला येतील माझ्याकडे!"

र ची पसरट शेपटी शेजारच्या व ला जाऊन चिकटली होती आणि दोघांचा मिळून झाला होता ख. जुळारीकाका हसून हसून खोकायला लागले. वडील हसले नाहीत. त्यांनी शेगडीकडे पाहिलं.

दोन अक्षरांमध्ये पातळ पट्टी घालावी तर शिरोरेघ तुटत होती. थोरलीने कानस उचलली.

"अगं, थांब," सुतारकाका कळवळले. "सगळ्यांत सुरेख घोळ त्याचाच साधलाय!"

"सुरेख आहे हो, पण शेजाऱ्याच्या अंगावर पाय टाकतो."

तिने शेपटी घासली, पुन्हा कागद छापला आणि भिंतीवर लावला. दिवस कलला होता. वडील रस्त्याच्या पार टोकाला गेले. तिथून पत्ता दिसणं शक्यच नव्हतं, पण त्यांचा खणखणीत आवाज आला, "आज द्या, उद्या रवाना!"

परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "वरचा खण घे. खालच्याला ओल येते."

शेठजींचा धंदा पुढे चांगला वाढला. चिडवायला लोक त्यांना 'खानावळवाले' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. सुतारकाकांनी घासलेला र फक्त व साठी ठेवला, बाकीच्या अक्षरांसाठी घाम गाळून पुन्हा पूर्ण घोळाचा र कोरला आणि मग म्हातारपणी लेकीकडे राहायला गेले. जुळारीकाका शेवटपर्यंत छापखान्यातच होते. वडील गेले, मग छापखानाही गेला. थोरलीची पायघोळ अक्षरं नाटकांच्या जाहिरातींवर, चपलांच्या दुकानांवर कितीतरी वर्षं उभी होती.

परवा नातीने ती सगळी संगणकात उतरवली आणि कौतुकाने आजीला दाखवली. थोरलीने चष्मा पुसला.

"र च्या शेजारी व ठेवून बघितलास का गं?"